सँडीची दोरी

आमच्या पोर्ट अर्डीत, या मासेमारीच्या गावात, माणूस गेला की ‘कशानं गेला?’ असं कुणी विचारत नाही. विचारतात ते, ‘दोऱ्या कुणाकुणाला?’

पेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या लागतात. उशाशी पहिली, पायाशी दुसरी, बाकीच्या दोन्ही अंगांना, विषम आकडे उजवीकडे, सम डावीकडे. पहिली थोरल्या मुलाची, मुलगा नसेल तर जावयाची. कुणी कितवी धरायची त्याची कार्डं आदल्या दिवशी घरोघर जातात. माझा नवरा डॉड पिरी गावचा सुतार, म्हणून पेट्या त्याच्या. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं, म्हणून कार्डं माझी. बायकांनी कबरीपर्यंत जायचं नाही असा आमच्याकडचा रिवाज आहे. जाऊ देत बापडे पुरुष. कोण कुठं उभं राहणार हे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच ठरतं. लग्नात मानपान चुकला तर लोक दोन वर्षांत विसरतात. चौथीऐवजी सहावी दोरी मिळालेला माणूस ते स्वतःच्या पेटीपर्यंत विसरत नाही. कुणाचं कुणाकडे काय निघतं याचा हिशेब गावात पाद्रीबाबांनंतर मलाच ठाऊक, आणि पाद्रीबाबांना लोक खोटं सांगतात.

त्या वर्षी मार्चमध्ये एल्स्पेट कॉवीनं मला बोलावणं धाडलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरनं आठवडा सांगितला होता, आणि म्हातारी त्यातलाही एखादा दिवस वाचवील अशी होती.

“बस, बेल,” ती म्हणाली. “कार्डं आणलीस?”

“मावशी, अगं, अजून…”

“अजून काय? मेल्यावर मी सांगायला येऊ? लिही.”

मी पेन काढलं. मला धाकधूक होती ती पहिल्या कार्डाची. एल्स्पेटचा नवरा कधीच गेला होता. एकुलता मुलगा सँडी तेरा वर्षांपूर्वी समुद्रात राहिला, त्याचं बोटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही. उरला जावई, लेक मेगचा नवरा, जेमी फ्लेट. आणि सँडीच्या खुनाचा खटला चालला होता तो याच जेमीवर.

तो हिशेब इथंच मांडून ठेवते. सँडी आणि जेमी, मेव्हणे-मेव्हणे, एका होडीत भागीदार. सँडीला होडी विकून कॅनडाला जायचं होतं, जेमीला ती विकायची नव्हती. धक्क्यावर सगळ्यांदेखत दोघं भांडले. दुसऱ्या दिवशी धुकं असतानाच हॅडॉक मासे धरायला गेले, आणि संध्याकाळी होडीत एकटा जेमी परतला. नांगराचा दोर सुरीनं सपकन कापलेला. जेमी म्हणाला, दोराचा फास सँडीच्या पायात बसला आणि तो ओढला गेला. एवढंच, पुढं गप्प. सँडीचा चुलतभाऊ वॉट कॉवी जवळच दुसऱ्या होडीत होता. ॲबर्डीनच्या कोर्टात सरकारी वकिलानं त्याला विचारलं, “तू काय पाहिलंस?” वॉटनं पाहिलं ते सांगितलं: धुक्यात दोन माणसं, एकाच्या हातात सुरी, मग धुकं, मग एकच माणूस. कोर्टात विचारलं तेवढंच बोलायचं असतं. जेमीला तर त्याच्या वकिलानं पिंजऱ्यातून तोंडच उघडू दिलं नाही.

आमच्याकडे ज्यूरीत पंधरा जण असतात. त्यांतले आठ ‘दोषी’ म्हणाले की संपलं. फाशीला आठ आणि पुरायलाही आठच, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. पण आठ जमले नाहीत. पंधरांचा म्होरक्या उठला आणि म्हणाला, “शाबीत नाही.”

‘निर्दोष’ नव्हे. ‘शाबीत नाही’.

दोन्हींत माणूस सुटतो. दार तेच, पायऱ्या त्याच, परतीचं तिकीटही तेवढ्याच पैशांचं. पण निर्दोष माणूस घरी येतो आणि शाबीत-नाही माणूस नुसता परत येतो. आमच्या गावात अर्धे लोक फ्लेट आणि अर्धे कॉवी, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव. जेमीच्या घराला आज्यापासून ‘डॉसी’ म्हणत. खटल्यानंतर महिन्याच्या आत त्याचा ‘जेमी शाबीतनाही’ झाला. मेग माशांची टोपली घेऊन गेली की बायका म्हणायच्या, “शाबीतनाहीची बायको आली, मासा ताजा आहे हे तरी शाबीत कर गं.” मेग हसून घ्यायची. घरी जाऊन गळांना आमिषाचे शिंपले टोचताना बोटं रक्तबंबाळ करायची.

आणि एल्स्पेट? तिनं जेमीला शिवी दिली नाही की शाप दिला नाही. तिनं फक्त दिवा ठेवला. समुद्रात राहिलेल्यासाठी लोक समुद्राकडच्या खिडकीत दिवा ठेवतात. तिनं तो मागच्या गल्लीकडच्या खिडकीत ठेवला, सरळ जेमीच्या दारावर उजेड पडेल असा. तेरा वर्षं, रोज दिवेलागणीला. तेलाचा खर्च मी एकदा मनात मोजून पाहिला होता. तेवढ्यात तिला नवी चूल आली असती. मेगनं मला सांगितलं होतं की जेमी झोपेत उजवी मूठ वळतो. इतकी घट्ट की सकाळी तिला एकेक बोट उघडावं लागतं.

तर पेन माझ्या हातात, आणि म्हातारी धापा टाकत सांगतेय.

“पहिली, सँडी.”

“कोणता सँडी, मावशी? धक्क्यावरचा?”

“माझा सँडी.”

मी पेन खाली ठेवलं. “मावशी, दोरी धरायला हात लागतात.”

“ती कुणी धरायची नाही. त्याच्या जागी काठावर ठेवायची. डॉडला सांग, गुंडाळायची नाही, लांब ठेवायची. लिही.”

लिहिलं. कार्ड पोचवायचं कुठं, हे मात्र मी विचारलं नाही.

“दुसरी. पायाशी उभा असतो त्याला उशाकडचं सगळं दिसतं ना?”

“समोरच असतं ते.”

“मग दुसरी जेमीला.”

“मावशी,” मी म्हटलं, “हे माफ करणं आहे की शिक्षा?”

“तू आकडा लिही, बाई. कारण लिहायला कार्डावर जागा नसते.” तिला खोकला आला. तो संपल्यावर म्हणाली, “तिसरी वॉटला. सँडीच्या अगदी शेजारी. त्याला चौथी देऊ नकोस, उजव्या अंगालाच दे.”

शुक्रवारी ती गेली. मेगनं दुपारीच खिडकीतला दिवा उचलून आमच्या सुतारीच्या दुकानात आणला आणि फळीवर ठेवला. “घरात नको,” एवढंच म्हणाली. मी त्यातलं तेल ओतून काढलं. पुसून ठेवला.

मग कार्डं वाटायला निघाले. वॉटचं घर त्याच मागच्या गल्लीत, जेमीच्या पलीकडचं. वॉट आता दोन होड्यांचा मालक, चर्चमध्ये पुढच्या बाकावरचा. त्यानं दारातच हात पुढं केला.

“पहिली ना? काकूला दुसरं कोण आहे?”

“तिसरी.”

“मग पहिली काय त्या शाबीतनाहीला?”

“नाही, सँडीला.”

वॉट हसला. त्याचं हसू मधेच अडलं. “मेलेल्याला?”

“मेल्याचं तरी कुठं शाबीत झालंय?” मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, डॉड म्हणतो रंध्यापेक्षा जास्त सोलते. पण वॉटनं उलट टोमणा मारला नाही. त्यानं कार्ड उजेडात धरून पुन्हा वाचलं. त्याच्यावर ‘तीन’ याखेरीज काहीच नव्हतं.

“म्हातारी शेवटी काही बोलली?” त्यानं विचारलं.

“आकडे बोलली.”

जेमी अंगणात दोर वळत बसला होता. कार्ड त्यानं डाव्या हातानं घेतलं. आकडा वाचला.

“चुकून आलंय का गं, बेल?”

“मी लिहिताना चुकत नाही.”

“पायाशी.” तो म्हणाला. “म्हणजे मला त्याची जागा दिसत राहणार.”

“नको असेल तर डॉड दुसरा माणूस बघेल.”

“नको कसं?” जेमी म्हणाला. “तेरा वर्षांत त्या घरातून आलेलं हे पहिलं बोलावणं.”

त्या संध्याकाळी दुकानात गर्दी झाली. कुणाला खिळे हवे होते, कुणाला सरस. खरं तर सगळ्यांना हवी होती बातमी. म्हातारीनं जेमीला मोकळं केलं की बांधलं, यावर तंबाखूच्या पैजा लागल्या. गेडीस मास्तर पेटाऱ्यावर बसून पाइप ओढत होते. पेन्शनीत निघालेत, पण वर्ग सुटला नाही.

“तुम्ही सगळे त्या शब्दाला नावं ठेवता,” ते म्हणाले. “तो मुळात वाईट नव्हता. जुन्या काळी पंधरांना माणूस दोषी आहे का असं विचारतच नसत. आरोपपत्रातल्या एकेका ओळीबद्दल विचारायचे. सुरी होती? शाबीत. वार केला? शाबीत नाही. त्यांनी ओळी मोजायच्या, माणसाचा निकाल न्यायाधीशानं लावायचा.”

“मग ‘निर्दोष’ कुठून आलं?” डॉडनं विचारलं.

“दोनशे वर्षांपूर्वी एक ज्यूरी हटून बसली. वार तर शाबीत होता, दहा जणांनी पाहिला होता. पण मारायचं होतं एकाला, मधे आला दुसरा. शाबीत म्हणावं तर माणूस फासावर जातो. तेव्हा पंधरा जण म्हणाले, ओळी गेल्या खड्ड्यात, आम्ही माणसाकडे बघून सांगतो, हा निर्दोष आहे. तो आपला जुनाच हक्क होता, विसरलेला. नवा शब्द घरात आला, पण जुना गेला नाही.”

“मागच्या खोलीतल्या सासूसारखा,” डॉड म्हणाला. त्याची सासू म्हणजे माझी आई, तेव्हा हे मी लक्षात ठेवलं.

“तसंच,” मास्तर म्हणाले. “आता ओळी कुणी मोजत नाही. पण माणसाकडे बघायचा धीर झाला नाही की पंधरा जण जुन्या शब्दामागं लपतात. त्याचा अर्थ एवढाच की कागदावरची ओळ कोरी राहिली. गाव ती भरत बसतं.”

दाराशी वॉट उभा होता. तो कधी आला कुणी पाहिलं नाही. त्याची नजर फळीवरच्या दिव्यावर होती.

“हा इथं कशाला?” त्यानं विचारलं.

“मग कुठं ठेवू?” मी म्हटलं.

तो काहीच न घेता गेला.

सोमवारी पुरलं. मी तिथं नव्हते. मी मेगजवळ बसून पुरून येणाऱ्यांच्या जेवणाला हॅम कापत होते. पण त्या दिवशी सात जणांनी दोऱ्या धरल्या आणि सातांकडूनही मी सगळं काढून घेतलंय, कुणाला चहा पाजून, कुणाला व्हिस्की. डॉड आठवा, तो धरणारा नव्हे, बघणारा. तेव्हा जे सांगते ते आठ तोंडांचं आहे, आणि जिथं तोंडं जुळत नाहीत तिथं तसं सांगते.

वारा नव्हता. समुद्रावरून धुकं चढून कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत आलं होतं. डॉडनं पहिली दोरी काठावरच्या गवतात लांब पसरली. तिच्या टोकाचा गोंडा अशा जागी होता की माणूस असता तर त्याच्या बुटांपाशी आला असता. पाद्रीबाबांना ते पसंत नव्हतं, पण एल्स्पेटशी ते जिवंतपणीही जिंकले नव्हते.

डॉडला काळजी वेगळीच होती. उशाशी कुणी नाही म्हणजे डोक्याकडचा भाग आधी खाली जाणार. त्यानं वॉटला आणि समोरच्याला बजावलं होतं, “तिकडचं वजन तुमच्यावर येईल. पाय रोवून उभे राहा.”

मग त्यानं खूण केली. खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या. पेटी उतरू लागली.

पेटी कलली नाही.

यावर आठही तोंडं जुळतात. बशीतल्या चहासारखी सपाट उतरली. गवतातली रिकामी दोरी तिच्यामागून सरकत गेली, हळूहळू, तंग. चौघं म्हणतात, कुणीतरी हातातून सोडत असल्यासारखी. दोघं म्हणतात, ओल्या गवतात अडकत अडकत गेली. डॉड म्हणतो, लाकूड उशाकडं हलकं होतं, गाठी पायाकडं. पेटी त्यानंच केली होती, आणि गाठी कुठं आहेत हे त्यानं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. जेमीला विचारलं तर तो फक्त म्हणाला, “मी समोरच होतो.” त्याला मी कुठल्या बाजूला धरू?

पेटी टेकली. डॉडनं मान हलवली की सगळ्यांनी एकदम दोऱ्या सोडायच्या, त्या पेटीवर पडतात. त्यानं मान हलवली. सहा दोऱ्या पडल्या. एक पडली नाही.

जेमीची मूठ वळलेली होती. दोरी तंग, नजर समोरच्या रिकाम्या जागेवर.

“सोड, जेमी,” डॉड हलकेच म्हणाला.

जेमीनं ऐकलं नाही. पाद्रीबाबा खाकरले. कुणीतरी मागून कुजबुजला, “धरतोय आता. तेव्हा धरायचं होतं.” लोक एकेक करून टोप्या घालायला लागले, पण जाईना कुणी. खड्डा उघडा आणि पायाशी एक माणूस दोरी धरून उभा, असं टाकून जायचं कसं? जेमीच्या कपाळावरून घाम गळत होता. डॉड म्हणतो, पेटी तळाला टेकलेली होती, दोरीला कसलंच वजन नव्हतं, तरी तो मागं रेलून ओढत होता.

तेव्हा वॉट हलला. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता. तो कबरीला वळसा घालून जेमीपाशी गेला. शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून, तिच्याकडे एकदाही न बघता तो गेला. त्यानं जेमीची मूठ दोन्ही हातांत धरली आणि एकेक बोट उघडू लागला, मेग उघडते तसं.

“सोड रे,” तो म्हणाला. “सोड. दोराच्या ओढीनं होडी बुडत होती. त्यानंच ओरडून सांगितलं ना तुला, काप म्हणून.”

शेवटचं बोट उघडलं. दोरी खाली पडली. तिचा आवाज सगळ्यांना आला.

जेमीनं मान वर केली. “वॉट,” तो म्हणाला, “हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मेगलाही नाही.”

वॉटनं हात मागं घेतले.

“त्यानं सांगितलं म्हणून मी कापला, हे कोण मानणार होतं? मेलेल्यावर ढकलायचं ते? म्हणून मी बोललो नाही. तुला कसं ठाऊक?”

धुक्यात चुलतभावाची होडी किती जवळ होती, हे तेव्हा तिथल्या प्रत्येक माणसाला कळलं.

“मला विचारलं, काय पाहिलंस,” वॉट म्हणाला. “काय ऐकलंस असं कुणी विचारलंच नाही.” मग म्हणाला, “भाऊ होता रे तो माझा. सुरी तुझ्या हातात होती. मला तू लटकायला हवा होतास. आणि नंतर… नंतर सांगायचं कसं?”

जेमीनं त्याला मारलं नाही. डॉडला वाटलं होतं मारील. फावडं त्यानं पायामागं सरकवलं होतं. जेमीनं स्वतःचा उजवा हात उताणा करून पाहिला आणि तसाच उघडा ठेवून घरी चालत गेला.

हॅम खायला सगळे आले, वॉट सोडून. मेगला जेमीनं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी दाराबाहेर होते, आणि ते दार जाड आहे, डॉडनंच केलेलं. एवढं ऐकलं की मेग रडली नाही, ओरडली. “मला सांगितलं असतंस तर! मला तरी!”

गेडीस मास्तरांनी ॲबर्डीनच्या वकिलाला विचारून घेतलं. उत्तर आलं की काही करता येत नाही. सुटलेल्या माणसाला पुन्हा उभं करत नाहीत, आणि उभं केल्याशिवाय निर्दोष म्हणता येत नाही. कोर्टात जेमी अजून शाबीत-नाहीच आहे आणि राहील. मात्र गावात त्या आठवड्यापासून कुणी त्याला त्या नावानं हाक मारली नाही. कुणी ठरवलं नव्हतं. धक्क्यावर एकानं, “ए डॉसी, दोर टाक,” म्हटलं आणि जेमीनं टाकला.

मला राहून राहून वाटतं ते म्हातारीचं. ‘चौथी देऊ नकोस, उजव्या अंगालाच दे.’ तिला ठाऊक होतं की नुसता वास लागला होता? एका दुपारी मी तिच्या मोकळ्या घरात गेले आणि दिवा असायचा तिथं उभी राहून गल्लीत पाहिलं. जेमीचं दार समोर आहे, खरंच. पण उजेड दाराशी थांबत नाही. तो तिरपा पुढं जातो, आणि पुढं वॉटची खिडकी आहे. आम्ही सगळ्यांनी तेरा वर्षं पहिलंच दार वाचलं होतं.

बाहेर आले तर वॉट शिडीवर. ती खिडकी तो विटांनी बुजवत होता. अर्धी झाली होती. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, माणूस एका महिन्यात वाळून गेलेला.

“उजेड कमी होईल की रे आत,” मी म्हटलं.

“रात्री फार येतो.”

मी मागं वळून पाहिलं. एल्स्पेटच्या खिडकीची काच भर दुपारीसुद्धा काळी होती. आत कुणी नव्हतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

“दिवा माझ्या दुकानात आहे, वॉट,” मी म्हटलं. “फळीवर. त्यात तेल नाही.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला, आणि थापीनं चुना पसरून पुढची वीट लावली.